घोंगड्या सगळ्या तुज्याच म्होरं

जानी गो, औंदा बाजाराला मी एकली गेले. काल भरतीबरोबर होडी ठाण्याला लागली, नि आज मासळी सुकवायच्या खळ्यावर बसलेय. दर सालाला बाजाराहून आलं की तू हितंच पाय पसरून सांगायचीस, अमका काय म्हणाला, तमक्याच्या सुनेला काय झालं, नि मी जवळा निवडत ऐकायची. आता सांगायचं माज्यावर आलं. मना बोलायची सवय नाय, तुना ठाव हाय. कसंबी बोलेन. ऐक.

तू गेलीस तीबी बाजाराच्या तोंडावर. ताप आला नि गेलीस. आपल्या कोळीवाड्यातली माणसं म्हणतात, जानी देवमाणूस होती. मी गप बसते. पण मी तुजी थोरली जाव. दोन भावांच्या आपण दोघी, एका खळ्याच्या दोन वाटण्या. तू काय होतीस ते मना ठाव. देवमाणूस नव्हतीस. तुज्या जवळ्यात वाळू होती.

हसू नको. आपलं भांडण त्याच्यावरच राहिलंय, नि मी ते अजून सोडलेलं नाय.

माजं खळं कसं ते सगळ्यांना ठाव. शेणानं सारवलेलं, कोरं. जवळा पसरायचा, उन्हाबरोबर उलटायचा, कावळ्याला काठी नि कुत्र्याला धोंडा. कोळंबी उकडायची, एकेक सोलायची, सुकवायची, तवा कुठं सोडे व्हायचे. नखात काटे जाऊन बोटं सुजायची. माजा दादला, तुजा थोरला दीर, बंदराबाहेर गेला नि त्याची होडीच तेवढी परत आली, तवा माजी एक पोर मांडीवर होती नि एक पोटात. पोटातली झाली, वाढली, नि मग पटकीच्या वाख्यात गेली. तिला खाडीकाठी ठेवून आले नि दुसऱ्या दिवशी कोळंबी सोलली, कारण कोळंबी थांबत नाय. मी काय वाईट वाटून घ्यायला सांगत नाय. माल कसा तयार व्हायचा ते सांगते.

नि तू? वाळूवर जवळा फेकायचीस नि निघायचीस. "बाय, जरा बघ गो माज्याकडं, आलेच." ते आलेच म्हणजे ऊन उतरल्यावर. कुठं कोणाच्या ओटीवर बसलेली, कोणाच्या होडीत डोकावलेली. तुज्या जवळ्यावरचे कावळे मीच हाकायची.

मी म्हणायची, "जाने, खाणाऱ्याच्या दाताखाली करकरतंय तुजं."

तू म्हणायचीस, "करकरलं की आठवण राहते, बाय. तुजं गिळलं नि विसरलं."

नि बाजाराला काय व्हायचं? वैशाखात कल्याणच्या बंदरावर घाटावरची माणसं बैल घेऊन उतरायची. पावसाळ्याचे महिने काढायला सुकी मासळी नि मीठ भरून न्यायची. आपण खाडीवरच्या बायका टोपल्या घेऊन, आगरी मीठ घेऊन, होडीवाले, हेलकरी, दलाल, सगळ्या धंद्याचं माणूस त्या एका मैदानात. आपल्या सालभराचं भात त्या बाजारावर. नि रीत ही, की घाटावरच्या माणसानं खांद्यावरची घोंगडी जिच्याम्होरं टाकली, तो त्या सालापुरता तिचा. मग दुसरीनं त्याला हाक मारायची नाय, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाय. घोंगडी पडली की पडली.

जानी, तुज्याम्होरं घोंगडीवर घोंगडी पडायची. पाय ठेवायला जागा नसायची. नि मी तुज्या शेजारी, हात लांब केला तर लागंल एवढ्यावर, माज्याम्होरं कल्याणची धूळ. तुजी टोपली सरली की उरलेसुरले माज्याकडं वळायचे. "ही जानीबायची जाव ना? मग घ्या हिचं." पोट भरायचं त्याच्यावर, मी नाय म्हणत नाय. पण मना एक घोंगडी पाहिजे होती. येकच. कोणी तरी माज्यासाठी म्हणून टाकलेली, तुज्यासाठी आला नि माज्याकडं वळला असा नाय. सगळ्या जन्मात मी दुसरं काय मागितलं नाय. दादल्याचं नि पोरीचं मागून काय होणार होतं.

तू काय करायचीस ते मी नीट बघून ठेवलंय. जळणारं माणूस लई नीट बघतं.

पैल्या दिवशी तू विकायचीच नाय. टोपलीवर फडकं, नि तू हिंडत. कमरेला चुन्याची डबी. तंबाखू मुद्दाम घरी. मना पैल्यांदा वाटलं विसरलीस, म्हणून माजी काढून देऊ लागले.

"ठेव तुजी," म्हणालीस. "तंबाखू असली तर मागू कोणाकडं? ज्याच्याकडं मागितली तो पैला ओळखीचा."

मग ह्याची चिमटीभर तंबाखू घे, त्याला बोटभर चुना दे, नि तिथंच फतकल मारून बस. आधी बैलाचं नाव विचारायचीस, माणसाचं मागून. नि विसरायची नाय! पुढल्या साली तो बंदराच्या उताराला दिसला की हितून ओरडायचीस, "काय रं दादा, मोत्याचा पाय बरा झाला का?" तो एवढा मिशावाला गडी, बाईमाणसासारखा लाजायचा. बैलाचं इतकं त्याच्या बायकोनंबी कवा विचारलं नसंल.

माजी चंची भरलेली. पान, सुपारी, काथ, चुना, तंबाखू. भाकर घरची, पाणी घरचं. कोणाकडं काय मागायचं नाय, हीच माजी शान. तर कोणी मना काय विचारलं नाय नि मी कोणाला काय विचारलं नाय.

एका साली मी म्हटलं, त्यात काय एवढं, मीबी करून बघते. तंबाखू घरी ठेवली. एक माणूस सगळ्यांपासून लांब झाडाखाली बसलेला, बैल चांगले पोसलेले. मी म्हटलं हा कोणाचा नाय, हा माजा. गेले.

"दादा, चिमटीभर तंबाखू असंल तर..."

त्यानं बघितलं. मना पुढं सुचंना. बैलाचं नाव विचारायचं तेबी डोक्यातून गेलं. म्हणून सोड्यांची मूठ त्याच्या नाकाखाली धरली. "वास तरी घ्या."

तो बसल्या जागेवरून उडाला. "रामकृष्णहरी! बाई, गळ्यातली माळ दिसंना का?"

माळकरी बुवा! मीठ न्यायला आलेला, मासळीचा वारा अंगावर येऊ नये म्हणून लांब बसलेला. सगळा बाजार हसला. तू सगळ्यांत जास्त हसलीस, डोळ्याला पदर लावून. ते हसणं मी विसरलेले नाय, सांगून ठेवते.

मग तू गेलीस त्याच्याकडं. हात राख लावून धुतलेस, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलीस, नि मासळीचं नावबी काढलं नाय. थोड्या वेळानं उठलीस ती पांडू आगऱ्याला बखोटं धरून घेऊन आलीस. पांडूचं मीठ बंदरावर पडून होतं, न्यायला बैल मिळंना. बुवाकडं बैल होते, मीठ मनासारखं मिळंना. दोघांना समोरासमोर बसवलंस नि येऊन बसलीस आपल्या जागेवर.

मी म्हटलं, "तुना काय मिळालं त्यात?"

"आज? काय नाय."

"मग?"

"मग काय, बाय. आजच पायजे का?"

पुढल्या साली बुवा आला तो मासळी खाणारे गडी संगती घेऊन. लांबूनच बोट दाखवलं, "ती बाई." माळकऱ्यानं तुना सुकटीचं गिऱ्हाईक दिलं! त्या दिवशी मना भाकर गोड लागली नाय.

मग आगगाडी घाट चढली नि बैलांचे तांडे आटत चालले. आम्ही बाया उताराकडं डोळे लावून बसलो. तू नाय. कोण तरी बैलवाला तुना आदल्या सालीच बोलून गेला होता की तो बैल विकतोय. तुज्याशी माणसं बोलायची ना, म्हणून तुना आधी कळायचं. तू रुळावरच्या मजुरांचा मुकादम गाठून ठेवलास, त्याच्या बायकोच्या माहेरापासून ओळख काढत काढत. त्या साली कितीजणींच्या टोपल्या भरल्या होत्या तशा माघारी गेल्या. तुजी रिकामी, नि तुज्या शेजारची म्हणून माजी अर्धी रिकामी. त्या अर्ध्या टोपलीचा मना किती राग आला! उपाशी राहिले असते तर तुना शिव्या तरी देता आल्या असत्या.

परत येताना होडी डोंबिवलीच्या अंगाला आली, तवा तू बोललीस. "बाय, दोघींचं एक करू. माल तुजा, तोंड माजं."

"मना तुजी उष्टी गिऱ्हाइकं नको."

"उष्टी कशी गो? माणूस काय भाकर हाय?"

"तुजी ती तुजी. मना एक आलं तरी माजं पायजे."

ठाण्यापर्यंत तू तोंड उघडलं नाय. तू नि गप! होडीवाला मना विचारतो, "जानीबायला बरं नाय का?"

पुढल्या वैशाखात सखाराम आला. आठवतो ना? उंच, काळा, तोंडावर देवीचे वण. तुज्याकडं वळूनबी न बघता सरळ माज्याम्होरं आला नि घोंगडी टाकली. "सोडे कुणी केले हे? तुमीच का?" मी हो म्हटलं. मान वळवून तुज्याकडं बघितलं. तू पलीकडं तोंड करून कोणाशी तरी बैलाचं बोलत होतीस. मना वाटलं, जळली. देवा, काय बरं वाटलं गो!

मग तो सालोसाल आला. बसायचा, एक सोडा दाताखाली धरायचा, मान हलवायचा. ना तो बोलायचा, ना मी. घरी आल्यावर मी तुना ऐकवायची, सखाराम असं म्हणाला, सखाराम तसं म्हणाला. तो काय म्हणायचा नाय, मीच पदरचं लावायची. तू म्हणायचीस, "चांगला माणूस दिसतोय." नि हात चालवत राहायचीस. तुज्या सतरा घोंगड्या असतील. माजी एक होती, पण माजी होती. तिच्या जिवावर मी इतकी सालं ताठ बसले तुज्या शेजारी.

आता औंदाचं ऐक.

तुजी टोपली मीच नेली, वाळूसकट. निवडायला घेतली होती, पण मग म्हटलं राहू दे, तुजी ती तुजी. आपल्या जागेवर बसले. तुज्या जागेवर दुसरी कोण बसली नाय. मी कोणाला अडवलं नव्हतं.

एकेक करून यायला लागले. "जानीबाय कुठं?"

"गेली."

"कुठं गेली?"

"गेली, म्हटलं ना."

तसे उभे राहायचे. पुढं जाईनात, मागं जाईनात. चार-दोन करत मोठा घोळका झाला, सगळ्यांच्या घोंगड्या खांद्यावर. कुठं टाकायची ते कोणाला कळंना. नि माज्या मनात काय आलं सांगू? खोटं कशाला बोलू, तू बघतच असशील. माज्या मनात आलं, आता ह्या माज्या. आता कुठं जातील? दुखवटा मनात होता, नाय असं नाय, पण त्याच्या शेजारी हेबी बसलं होतं, आपण दोघी बसायचो तसं.

एकानंबी टाकली नाय. उभ्या उभ्या एकमेकांशी बोलायला लागले. पांडू बुवाशी, मुकादम बैलवाल्यांशी. तुज्याच तोंडून एकमेकांना ओळखणारी माणसं ती. जानीबाय अशी म्हणायची, जानीबाय तशी म्हणायची. जागा रिकामी, तरी बाजार तिथंच भरलेला. मेल्यावर तरी जरा सरकायचं होतंस गो!

तेवढ्यात सखाराम आला. त्याला कोणी तरी वाटेतच सांगितलं असावं. आला नि माज्याम्होरं घोंगडी टाकली. मी मान ताठ केली. म्हटलं बघा, हा बघा. नि तो खाली बसला नि रडायला लागला. हुंदके देऊन. तुज्यासाठी!

मी म्हटलं, "तुमची नि तिची काय ओळख?"

"आवं, तिनंच तर मला तुमच्याकडं धाडलं."

"कवा?"

"पैल्याच साली. म्हणाली, माज्या जावंकडं जा, तिच्यासारखे सोडे खाडीवर कुणाचे न्हाईत. पर माजं नाव काढू नगंस, न्हाय तर हाकलून दील."

हाकललाच असता. घोंगडीसकट.

जानी, माज्या पायाखालची जमीन नाय हलली, लोक म्हणतात तसं. मना फकस्त राग आला. इतकी सालं मी त्या माणसाच्या गोष्टी लावून तुनाच सांगायची, नि तू म्हणायचीस चांगला माणूस दिसतोय! एवढ्या घोंगड्या तुज्या, एक तरी मना नीट ठेवू द्यायची होतीस. मी सखारामला म्हटलं, "उचला ती. तिची हाय."

तो डोळे पुसत राहिला. "पैल्या सालाची तिची. पुढं एकदा तुमी जागेवर नव्हता, तवा मी तिच्याकडं बसाय गेलतो, तर तिनं घोंगडी उचलून माज्याच खांद्यावर घातली. म्हणाली, तुजी जागा तिकडं. म्या म्हटलं, तिकडं तर जाणारच हाय. तिच्याकडं मानसं बोलाय येत्यात, म्या तुमच्याकडं गप बसाय येतो. बाजारात बोलून बोलून डोस्कं दुखतं, आवं. तुमच्या म्होरं कुणी काय इचारत न्हाय."

मी पुढं काय बोलले नाय. त्याला तेच पाहिजे होतं म्हणे. तर आपली वाटणी अशी झाली, जानी: पैलं साल तुजं, बाकीची माजी. नि तो गप बसाय यायचा, ते सगळं माजं. त्यातलं तुना काय देणार नाय. ते तुज्यानं झालंच नसतं.

मग पांडूनं खांद्यावरचं फडकं टाकलं. माज्याम्होरं. मग मुकादमानं त्याचं उपरणं. मग एकेक करत सगळ्यांनी घोंगड्या. बुवा जवळ आला, तो मासळीच्या टोपल्यांना अंग लावून बसला, नाकाला फडकं न लावता. कोणाचा हात टोपलीकडं गेला नाय. दुखवट्याला घरात येऊन बसतात तसे बसले. थोरली जाव म्हणून माज्याकडं बघत. "कशानं गेली? दुखलं का फार? शेवटाला काय म्हणाली?" नि मना सांगावं लागलं. मी, जिला तंबाखू मागता आली नाय, ती तेवढ्या माणसांना सांगत होते, की ताप होता, की पाणी मागितलंस, की कोणाकोणाची नावं घेतलीस. ज्यांची घेतलीस त्यांना त्यांची सांगितली. ज्यांची नाय घेतलीस त्यांनाबी सांगितली. बिचारे वाट बघत होते.

अशा पडल्या घोंगड्या. ज्यांच्यासाठी जन्म जळत बसले त्या सगळ्या माज्याम्होरं, नि त्यात माजी म्हणून तेवढी सखारामचीच.

माल गेला सगळा. तुजा आधी गेला. वाळूचं कोणी बोललं नाय. एकजण तर म्हणाला, जानीबायचं असंच असायचं. मी ऐकून घेतलं. पण माजं म्हणणं तेच हाय अजून, जवळ्यात वाळू नसावी.

होडीत बसले नि एक मनात आलं. मी जाईन तवा ह्या माणसांना सांगणार कोण? माजी लेक लांब दिलेली, तिला ह्यातलं कोणी ठाव नाय. सखाराम येईल, जागा रिकामी बघंल, नि कोणाला विचारायची सवय नाय म्हणून तसाच जाईल. मी हे सगळं तुज्यावर सोडलं होतं. तू घाटापर्यंत निरोप धाडले असतेस. बैलवाले, बुवा, मुकादम, सगळ्यांना गोळा करून आणलं असतंस, नि माजी जाव गेली म्हणून असा गळा काढला असतास की त्या माणसांना वाटलं असतं, कोण मोठी बाई गेली. मी ते धरूनच चालले होते, जानी. थोरली मी. पैली पाळी माजी होती. तीबी तूच घेतलीस.